घड्याळ बाजूला ठेवा, गोष्ट विचारा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर २०२५च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्र जेवढा बोलला तेवढा तो प्राथमिक शाळेबद्दल एरवी बोलत नाही. २९ जूनला शासनाने त्यासंबंधीचे निर्णय मागे घेतले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि गदारोळ शमला. त्या वादात मला आता शिरायचे नाही. मात्र त्या सगळ्या गलक्यात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. दुसरीतल्या मुलाच्या हातात दहा पानांचे, पानाला एक-दोन ओळी असलेले मराठी गोष्टीचे पुस्तक दिले, तर ते वाचून त्याला गोष्ट कळते का? कोणती भाषा शिकवायची यावर आपण भांडलो, पण जी शिकवतो ती मुलापर्यंत अर्थासह पोहोचते का, हे कोणी विचारले नाही. हे पत्र तेवढ्यापुरते आहे, आणि त्यातली मुख्य मागणी एका प्रपत्रातल्या एका रकान्याची आहे.

आधी आकडे. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशातल्या सरकारी शाळांत तिसरीतली २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. २०१८मध्ये हेच प्रमाण २०.९ होते, करोनानंतर २०२२मध्ये ते १६.३वर घसरले होते. म्हणजे शाळा नुसत्या सावरल्या नाहीत, पूर्वीच्या थोड्या पुढेही गेल्या. याचे श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवे, कारण वर्तमानपत्रांत ते सहसा मिळत नाही. तरीही याच सरकारी शाळांत पाचवीपर्यंत पोचलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक, नेमके सांगायचे तर ५५.२ टक्के, दुसरीच्या उताऱ्यावर अडतात. आणि इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘असर’ची मूळ चाचणी मोठ्याने वाचून दाखवण्याची आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्या. मूल फारसे अडखळले नाही की पायरी पार. घरोघरी जाऊन लाखो मुलांची तपासणी करायची तर चाचणी इतकी सुटसुटीत ठेवावीच लागते, त्यात सर्वेक्षणाचा दोष नाही. पण मग ज्या २३ टक्क्यांवर आपण समाधान मानतो, त्यांतल्या किती जणांना ती गोष्ट कळली, हे त्या आकड्यात नाही.

‘निपुण भारत’ हे केंद्राचे अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि हे २०२६-२७पर्यंत साधावे, असे त्याचे उद्दिष्ट. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीसाठी किमान ६० शब्द, अशी त्याची लक्ष्ये आहेत. मूळ दस्तऐवजात समजून वाचण्याचा उल्लेख आहे, वाचायला दिलेला मजकूर मुलाला अपरिचित असावा असेही त्यात आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना विषय कळत होता. अडचण पुढे येते. मिनिटाला किती शब्द हे मोबाईलमधले घड्याळ सांगते. समजले का, हे कळायला कोणीतरी मुलासमोर बसून त्याच्याशी बोलावे लागते. दिल्लीतून मुंबईत, मुंबईतून जिल्ह्याला, तिथून गटसाधन केंद्रात आणि शेवटी दोन शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या मोबाईलवर उतरता उतरता वाक्याचा उत्तरार्ध गळतो आणि आकडा तेवढा उरतो. बरे, हा आकडा मराठीला नीट बसतो असेही नाही. ‘तो आता घरी जातो’ हे चार शब्द आणि ‘घरासमोरच्या अंगणातल्या झाडावरून’ हे तीन; पहिल्यापेक्षा दुसरे वाचायला मुलाला किती जास्त वेळ लागेल हे कोणतीही शिक्षिका सांगेल. आपली भाषा विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटवते, त्यामुळे शब्द मोजणे हे माप इथे रबरासारखे ताणते. एनसीईआरटीने २०२२च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात वीस भाषांसाठी निकष वेगवेगळे ठरवले ते यासाठीच. तरी तपासणीत सगळ्यांच्या तोंडी असतो तो साठचाच आकडा.

जे तपासले जाते तेच शिकवले जाते. हा शिक्षकांवर आरोप नाही, कोणत्याही खात्याचा तो स्वभावच आहे. शब्दांचा वेग विचारला जाणार असेल तर वर्गात वेगाचा सराव होईल, आणि वेग येण्याचा सोपा मार्ग म्हणजे तोच धडा पुन्हापुन्हा वाचणे. पाचव्या वेळेला मूल डोळ्यांनी वाचत नाही, पाठ म्हणत असते. बोट ओळीवरून फिरत राहते इतकेच. आकलनाचे प्रश्न म्हणून जे विचारले जाते त्याचीही गत फारशी वेगळी नाही. समजा उतारा असा आहे: ‘मिनीने मडके पाहिले. मडक्यात पाणी नव्हते. मिनी विहिरीकडे निघाली.’ प्रश्न आला, ‘मडक्यात काय नव्हते?’ मूल म्हणाले, ‘पाणी.’ आपण रकान्यात खूण केली. आता हेच वाक्य असे करून पाहा: ‘ठमक्यात गुळी नव्हती.’ ठमक्यात काय नव्हते? ‘गुळी’ हे उत्तर कोणीही देईल. ठमके काय, गुळी काय, कशाचा पत्ता नसताना देईल. उलट ‘मिनी विहिरीकडे का निघाली?’ असे विचारले, तर उत्तर उताऱ्यात छापलेले नाही; ते मडके, पाणी आणि विहीर यांची सांगड मनात घातल्याशिवाय येत नाही. हा दुसरा प्रश्न विचारायला एक पैसा जास्त लागत नाही. तो विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर वेगवेगळ्या शब्दांत येऊ शकते आणि प्रपत्राला एकच उत्तर आवडते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो वर्गात उभे राहणाऱ्यांचा असल्याने हलक्याने घेण्यासारखा नाही. ‘तीन-चतुर्थांश मुलांना अजून उताराच वाचता येत नाही. अक्षरे नाहीत, काने-मात्रे नाहीत, आणि तुम्ही अर्थाच्या गोष्टी करता? आधी वाचता येऊ द्या, अर्थ मागून येईल.’ यातला पहिला भाग शंभर टक्के खरा. चित्र पाहून अंदाज बांधणे म्हणजे वाचन नव्हे. अक्षरज्ञान नीट, क्रमाने, रोज शिकवावे लागते, आणि पुस्तके नुसती भोवती ठेवली की मूल आपोआप वाचू लागेल ही समजूत बऱ्याच मुलांचे नुकसान करते. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६मध्ये वाचनाकलनाचे जे सूत्र मांडले, त्यात अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार आहे, बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. शिक्षक या गुणाकाराची पहिली बाजू मांडतात ती बरोबरच आहे. माझा मतभेद आहे तो ‘आधी’ आणि ‘मागून’ या दोन शब्दांशी.

कारण मराठीत अक्षरे जुळवून शब्द होण्यासाठीसुद्धा अर्थ लागतो. ‘क-र-व-त’ ही अक्षरे मूल एकेक सुटी, प्रत्येकात पूर्ण ‘अ’ घालून म्हणते. त्यातून ‘करवत’ हा उच्चार कसा निघतो? ‘र’मधला आणि ‘त’मधला अकार गिळायचा आणि ‘व’मधला ठेवायचा, हे लिपीत कुठेही लिहिलेले नाही. ते मुलाला कळते ते करवत हा शब्द त्याने आधी ऐकलेला असतो म्हणून. चाकातला ‘च’ आणि चारातला ‘च’ वेगळे उच्चारायचे, हे अक्षर सांगत नाही, शब्दाची ओळख सांगते. ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि नंतर वाचायची. त्यात चुकलेले मूल स्वतःला दुरुस्त करते ते ‘असा शब्द नसतो’ हे त्याला खटकले तरच. म्हणजे अर्थाकडे लक्ष देण्याची सवय ही वाचता आल्यानंतर चढवायची कलाकुसर नाही, ती वाचता येण्याच्या कामातच हातभार लावते. जे मूल दोन वर्षे अर्थाविना अक्षरे म्हणत राहते, त्याला चूक झाली हे कळण्याचे साधनच उरत नाही. शिवाय आपल्या लिपीत हे ‘आधी’ फार लांबते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासातून दिसले की भारतीय लिप्यांतला अक्षरसंच पूर्णपणे हाताशी यायला तिसरी-चौथी उजाडते. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे, रफार असा सगळा पसारा संपेपर्यंत अर्थ थांबवून ठेवायचा, तर बालपणातली वाचनाची वर्षे सरल्यावरच वाचनाला सुरुवात होईल.

आणि हे थांबवणे टाळता येते, हे महाराष्ट्रात फार पूर्वी करून दाखवलेले आहे. परंपरेने आपण आधी सगळी मुळाक्षरे आणि मग स्वरचिन्हे शिकवतो, त्यामुळे पहिले कित्येक महिने मुलाला ज्या वाक्यांवर गुजराण करावी लागते ती ‘मगन, गवत धर’ या जातीची असतात. काना नाही, मात्रा नाही, म्हणून बाबा नाही, पाणी नाही, भाकरी नाही. पहिलीतल्या मुलाच्या जगातले बहुतेक शब्द काना-वेलांटीशिवाय लिहिताच येत नाहीत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत आणि कमला निंबकर बालभवनात याला साधा उपाय काढला: थोडी व्यंजने आणि एक-दोन स्वरचिन्हे यांचे लहान गट करायचे आणि पहिल्या गटापासूनच मुलाला अर्थ असलेले शब्द, मग वाक्ये, मग दोन ओळींची गोष्ट वाचायला द्यायची. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी मराठी लिपी मराठी मुलांना कशी शिकवावी याचा विचार आपल्यापेक्षा बारकाईने केला, याचे मला नेहमी कौतुक वाटते आणि थोडी खंतही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी मुलांबरोबर अक्षरगटांनीच काम करत आली आहे. त्याच वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांचा पहिली ते तिसरी असा माग काढत साक्षरतेचा एक दीर्घ अभ्यास झाला. तिसरी संपतानाही अनेक मुलांचा बाराखडीवर हात बसलेला नव्हता, आणि वर्गातला बहुतेक वेळ उतरवून काढण्यात आणि सामूहिक घोकण्यात जात होता, हे त्यातून पुढे आले. अक्षरांवरच सगळा भर देऊन अक्षरेही पक्की होत नसतील, तर ‘आधी अक्षरे’ या भूमिकेने स्वतःचाच दावा खोटा पाडला आहे.

गुणाकाराची दुसरी बाजू म्हणजे ऐकलेली भाषा. इथे महाराष्ट्राचे प्रश्न एकसारखे नाहीत. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते. कोरकूचे मराठीशी भाषाकुळाचेही नाते नाही. गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया द्राविडी. वारली किंवा कातकरी मराठीच्या जवळच्या, पण पुस्तकातल्या मराठीपासून दूर. ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती हंगाम संपल्यावर परततात, म्हणजे पहिलीचे निम्मे वर्ष फडावर. या सगळ्यांना मिनिटाला साठ शब्दांची एकच पट्टी लावली, तर जे मूल घरी मराठी बोलते ते ती ओलांडेल आणि जे बोलत नाही ते अर्थाशिवाय ओलांडायला शिकेल. दुसऱ्याचे नुकसान अधिक मोठे, कारण तपासणीत ते उत्तीर्ण दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम केले ते गाणी, गोष्टी आणि मुलांच्या परिसरातल्या वस्तूंना धरून. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही भाषेच्या कामाचे चार भाग सांगितले आहेत: मौखिक भाषा, शब्द ओळखणे, वाचन आणि लेखन. ताराबाईंचे शहाणपण ऐंशी वर्षांनी सरकारी कागदावर आले. वर्गात मात्र या चारांपैकी दुसरा भाग तेवढा नांदतो.

आता पुस्तकांकडे येतो, कारण वाचायला काही नसेल तर वाचनाची सगळी चर्चा हवेतली. सोपे पुस्तक म्हणजे छोटे शब्द असलेले पुस्तक नव्हे. ज्यात काहीतरी घडते, ज्याचे चित्र ओळीला आधार देते पण तिचे काम करून टाकत नाही, ज्यात एखादी वाक्यरचना पुन्हापुन्हा येऊन मुलाला पुढचे पान ओळखीचे वाटते, ते सोपे. आणि ज्यातली मराठी कानाला ओळखीची असते ते. घरात कोणीही ‘झाडे पडली’ म्हणत नाही, ‘झाडं पडली’ म्हणतात. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’चे नावसुद्धा मुलाच्या बोलण्यातले आहे. एनसीईआरटीने ‘बरखा’ ही चाळीस गोष्टींची हिंदी मालिका चार पातळ्यांत काढली, अगदी रोजच्या प्रसंगांवर. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५पासून मराठीतही पातळीनुसार गोष्टी खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत; त्या छापायला शासनाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. तेव्हा पुस्तके नाहीत हे कारण पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय बंधनकारक केले, ‘समग्र शिक्षा’ योजनेत त्यासाठी अनुदानही आहे. पुस्तके शाळेपर्यंत येतात आणि कपाटात जातात. कपाटाला कुलूप लागते, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असतात आणि एखादे फाटले किंवा हरवले तर उत्तर मुख्याध्यापकाने द्यायचे असते. सहा वर्षांच्या मुलाने हाताळलेले पुस्तक फाटणारच. न फाटलेले पुस्तक वाचले गेले नसण्याची शक्यताच जास्त. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी ते कुलूप उघडते, छायाचित्रे निघतात, खात्याने दिलेल्या लिंकवर चढतात, आणि पुस्तके पुन्हा आत.

वेळ कुठे आहे, हा दुसरा आक्षेप. एक किंवा दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यात माहिती भरण्याचे काम. यातली माहितीची कामे कमी करणे आपल्या हातात आहे, ते मी इथे वाढवून सांगत नाही. पण बहुवर्ग शाळेत इयत्ता वेगळ्या न करता करता येण्यासारखे फार थोडे असते, आणि शिक्षकाने पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचणे हे त्यांतले एक आहे. पहिलीचे मूल चित्र पाहते, तिसरीचे मूल ओळीवरून नजर फिरवते, मध्येच थांबून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारले तर दोघेही बोलतात. रोज वीस मिनिटे. परिपाठ किती लांबतो हे पाहिले तर वीस मिनिटे सापडतील.

तिसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: आकलन मोजता येत नाही, वेग मोजता येतो, प्रत्येक शिक्षक आपल्याला हवे ते लिहील. खरे आहे, शब्द मोजण्याइतके ते काटेकोर होणार नाही. पण चुकीची गोष्ट काटेकोरपणे मोजून हाती काय लागते? आणि हे इतके अशक्यही नाही. पाच-सहा वाक्यांचा न पाहिलेला मजकूर, मुलाने तो मनात वाचावा किंवा मोठ्याने, हवा तेवढा वेळ घेऊन. मग त्याने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी, घरच्या बोलीत सांगितली तरी चालेल. त्यानंतर एकच ‘का’चा प्रश्न, ज्याचे उत्तर छापलेले नाही. मूल जे बोलले ते शिक्षकाने त्याच्याच शब्दांत एका ओळीत लिहून ठेवावे. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत चार-पाच मुलांना वेगळा मजकूर देऊन पडताळावे. वाढवून लिहिलेले आकडे अशा भेटीत वेगाच्या चाचणीइतकेच, किंबहुना अधिक लवकर उघडे पडतात, कारण वेग पाठांतराने आणता येतो, नव्या गोष्टीचे ‘का’ पाठ करून ठेवता येत नाही. ज्या मुलाने अडखळत वाचले पण मिनी पाणी आणायला निघाली हे सांगितले, त्याला अक्षरांचा सराव हवा. ज्याने घडाघडा वाचले आणि ‘का’वर गप्प राहिले, त्याला गोष्टी, गप्पा आणि शब्द हवेत. आजच्या रकान्यात पहिला नापास आणि दुसरा पास दिसतो, आणि दोघांनाही जे मिळायला हवे ते मिळत नाही. वेग अजिबात पाहू नये असे माझे म्हणणे नाही. फार संथ वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी येईतो सुरुवात विसरायला होते, म्हणून ओघ हवाच. पण तो समजुतीच्या मागोमाग नोंदवावा.

इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या पालकांचे काय, असेही विचारले जाईल. त्यांचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. आठ वर्षांचे मूल घरी बसून मराठी पुस्तक वाचते आणि रात्री जेवताना त्यातले सांगते, हे पालकांना दिसले तर थोडा फरक पडेल, एवढेच मी म्हणू शकतो.

तेव्हा, मंत्रिमहोदय, विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली ते तिसरीच्या वाचन तपासणीच्या प्रपत्रात मिनिटाला शब्द या रकान्याच्या आधी ‘मुलाने गोष्ट काय सांगितली’ हा रकाना यावा आणि पातळी त्यावर ठरावी. अक्षरगट आणि त्यांना जुळणारी वाचनपुस्तके यांचा संच बालभारतीने आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेल्या संस्थांना बरोबर घेऊन करावा. कोरकू, गोंडी, पावरी, वारली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यातली काही पुस्तके द्विभाषिक असावीत. आणि पहिली-दुसरीच्या वर्गातली गोष्टींची पुस्तके खडू आणि कागदाप्रमाणे उपभोग्य साहित्यात धरावीत, डेडस्टॉकमध्ये नव्हे. या तिसऱ्या गोष्टीला नवा निधी लागत नाही, समितीही लागत नाही. वित्त विभागाशी एक पत्रव्यवहार आणि एक परिपत्रक पुरे. ते शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाले तर मुख्याध्यापकांना कपाटाची किल्ली शोधायला पंधरा दिवस मिळतील.

कळावे,
प्राथमिक शिक्षणाचा एक अभ्यासक